कोणत्या वयात कोणती तपासणी?
(महिला मंडळाच्या वतीने विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्त्या नव्हेत. आमच्यातल्या दोघी नर्सची नोकरी करून निवृत्त झाल्या, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. तरी आज स्तनाच्या कर्करोगावर बोलायचे ठरवले. "छातीची गोष्ट चारचौघांत कशी काढायची?" असे काहींनी विचारले. त्यांना आम्ही आपल्याच वस्तीतल्या एका मावशींची आठवण करून दिली.

मावशी रविवारच्या वंदनेला आमच्या शेजारी बसत. वय अठ्ठावन्न. डाव्या छातीत गाठ हाताला लागली, पण ती दुखत नव्हती. "दुखत नाही तर डॉक्टर कशाला?" म्हणून आठ महिने गप्प राहिल्या. सुनेला सांगायची लाज, मुलाला तर सांगणारच कसे! कळले तेव्हा आजार काखेत पोचला होता. आज त्या आपल्यात नाहीत. आणि आम्ही नर्स म्हणवणाऱ्या, मांडीला मांडी लावून बसायचो, एकदाही विचारले नाही.

त्यानंतर त्यांच्या घरात घबराट उडाली. अठ्ठावीस वर्षांची सून म्हणाली, "मला उद्याच मॅमोग्राफी करायची." छत्तीस वर्षांची लेक म्हणाली, "मला काय झालंय?" खरे तर उलट हवे होते. सासूच्या आजाराने सुनेचा धोका वाढत नाही. रक्ताचे नाते लेकीचे. तिने ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. आई, बहीण, मावशी यांच्याबरोबर आत्या आणि वडिलांची आईसुद्धा यात धरायची. वडिलांकडूनही हा वारसा येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. घरात दोघी-तिघींना झाला असेल, किंवा कुणाला ऐन तरुणपणी, तर त्या घरच्या मुलींची तपासणी लवकर सुरू करावी लागते, कधी एम.आर.आय.ही करतात.

मॅमोग्राफी म्हणजे छातीचा एक्स-रे. तरुण वयात छातीतल्या ग्रंथी दाट असतात. फोटोत त्या पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच. दुधात तांदळाचा दाणा शोधावा तसे होते. म्हणून तिशीच्या आत गाठ लागली तर डॉक्टर आधी सोनोग्राफी करतात. मागे एका शिबिरात पंचविशीच्या मुलींनाही मॅमोग्राफीच्या रांगेत उभे केले होते. 'नॉर्मल' लिहिलेला कागद घेऊन मुली निर्धास्त घरी आल्या. तो कागद काय कामाचा?

अमेरिकेत २०२४ सालच्या शिफारशीप्रमाणे चाळीस ते चौऱ्याहत्तर वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करतात. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत, दर तीन वर्षांनी. आपल्याकडे प्रत्येकीला ते यंत्र कुठे मिळणार? पण हात आहेत. केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनांत तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची छाती दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हाताने तपासावी, असे आहे.

हाताने काय कळते, म्हणून नाक मुरडू नका. मुंबईत १९९८ पासून टाटा मेमोरियल हॉस्पिटलने वस्त्या-वस्त्यांत हेच करून पाहिले. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. निम्म्यांना प्रशिक्षित बायकांनी दर दोन वर्षांनी तपासले, निम्म्यांना फक्त माहिती दिली. २०२१ साली निष्कर्ष छापून आला. पन्नाशी गाठलेल्या बायकांत या आजाराचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसे दिसले नाही.

म्हणजे ज्या आजीबाई "आता आमचं काय राहिलंय" म्हणून मागे सरकतात, त्यांनाच फायदा सर्वांत जास्त! आमचे तर मत आहे की पैसा, वेळ थोडा असेल तर घरात आधी सासूचा नंबर लावावा.

काहीजणी विचारतात, दर महिन्याला स्वतःच चाचपले तर? शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांवर हा प्रयोग झाला. मृत्यू काही कमी झाले नाहीत, साध्या गाठींसाठीच तपासण्या आणि धास्ती वाढली. तेव्हा तारीख धरून चाचपायची गरज नाही. पण आंघोळीच्या वेळी आपले अंग आपल्या ओळखीचे असावे. नवी गाठ, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून रक्त, खळी पडलेली कातडी, काखेत गोळा, यांतले काहीही दिसले तर वय बघायचे नाही, शिबिराची वाट बघायची नाही. सरळ डॉक्टरकडे जायचे, दुखो वा न दुखो. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी, शेजारणीने नव्हे. आणि मागच्या वर्षी तपासणी ठीक निघाली होती, हे कारण तर मुळीच सांगू नका.

येत्या मंगळवारी सकाळी दहाला आम्ही आरोग्य केंद्रात जाणार आहोत. तपासायला नर्सबाईच असतील. चालवत नाही त्यांना रिक्षाने नेऊ. नावे विहारातल्या वहीत लिहावीत. आतापर्यंत अकरा नावे आली आहेत. त्यांत साठीच्या वरचे एकच आहे.