संगणकाचा वेग वाढवितांना



आज ज्या विषयावर मी बोलणार आहें तो आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांत, आपणांस ठाऊक असो वा नसो, येऊन पोंचलेला आहे. चिरंजीव संगणकाचें झांकण उघडून बसलेले असतात; आपण चौकशी केली तर उत्तर मिळतें, "बाबा, मी ह्याचा वेग वाढवितों आहें." पैसा न खर्चितां वेग वाढत असेल तर तो कोणास नको आहे? आपण मान डोलावतों आणि पुनः वर्तमानपत्रांत डोकें घालतों. मींही तसेंच केलें. त्याचें फळ काय मिळालें तें पुढें सांगेन. आधीं हा प्रकार काय आहे तें पाहूं.

संगणकाचें जें मुख्य अंग, ज्यास प्रोसेसर म्हणतात, तें ठोक्यावर काम करतें. मूळ ठोका बहुधा १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदास दहा कोटींचा असतो. त्यास एका आंकड्यानें गुणून प्रोसेसर आपला वेग ठरवितो. हा गुणक ४५ असला, तर वेग ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास साडेचारशें कोटि ठोके, इतका होतो. कारखान्यानें नेमून दिलेला वेग आपण होऊन वाढविणें, यालाच ओव्हरक्लॉकिंग असें नांव आहे.

वेग मुळांत वाढूं कां शकतो? कारण असें कीं, एकाच घाण्यांतून निघालेले सर्व प्रोसेसर तंतोतंत सारखे नसतात. कारखानदारास मात्र एकच आंकडा लिहून द्यावयाचा असतो, आणि तो त्यांतील दुबळ्यांत दुबळ्या नगास, उष्ण खोलींत, वर्षानुवर्षें झेपला पाहिजे. म्हणून तो हातचा कांहीं राखून ठेवतो. याचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे १९९८ सालीं निघालेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए. त्याचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, आणि वेग ३००. लोकांनीं मूळ ठोका १०० केला, आणि त्यांतील पुष्कळसे प्रोसेसर ४५० वर सुखानें चालूं लागले. दीडपट वेग फुकट! या छंदाला त्यामुळें मोठाच भर आला.

परंतु दोन गोष्टी ध्यानांत ठेवावयास हव्यात. पहिली ही कीं, राखून ठेवलेला हा भाग कारखानदार विसरून गेलेला नसतो. पुलावर लिहिलेल्या वजनाहून पूल अधिक वजन पेलतो, म्हणून कांहीं तो आंकडा खोटा ठरत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, काळ बदलला आहे. २००८ पासून इंटेलचे प्रोसेसर थंडावा आणि सवड पाहून आपला वेग आपणच वाढवूं लागले. आज सर्वांचीच ती रीत आहे. म्हणजे राखीव भागांतील बराचसा कारखान्यानेंच वापरून टाकलेला असतो, आणि आपल्या वांट्यास बहुधा शेंकडा थोडेच टक्के उरतात. शिवाय प्रत्येक प्रोसेसर याला मोकळा नसतो. इंटेलच्या बाबतींत नांवाच्या शेवटीं 'के' हें अक्षर आणि त्यास अनुरूप मदरबोर्ड लागतो. एएमडीचे रायझेन २०१७ पासून बहुतेक मोकळे आहेत.

आतां किंमतीचा हिशेब पाहूं. वेग वाढविला कीं विद्युद्दाबही बहुधा थोडा वाढवावा लागतो. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढते, पण दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग एक दशांशानें आणि दाबही एक दशांशानें वाढविला, तर १.१ ला १.१ नें दोनदां गुणून १.३३ येतात. म्हणजे लाभ दहा टक्के, आणि उष्णता तेहतीस टक्के. हा सौदा करावयाचा असेल तर तो डोळे उघडे ठेवून करावा.

तो कसा करावा? प्रथम घरांतील सर्व महत्त्वाच्या वस्तूंची प्रत दुसऱ्या जागीं काढून ठेवावी. पंखे आणि उष्णता वाहून नेणारें साधन पुरेसें आहे कीं नाहीं, जाळ्यांत धूळ बसली आहे काय, हें पाहावें. मूळचे सर्व आंकडे एका कागदावर उतरून घ्यावे. मग गुणक एकानेंच वाढवावा, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. मेमरीचा वेगही त्याच दिवशीं वाढविला, तर दोष कोणाचा हें कधींच कळणार नाहीं. विद्युद्दाब मदरबोर्डाच्या मर्जीवर सोडूं नये, कारण तो पुष्कळदां गरजेपेक्षां अधिक दाब देतो. दाब वाढवावाच लागला तर व्होल्टच्या शंभराव्या हिश्शानें वाढवावा. ज्या पायरीवर यंत्र अडखळेल तिच्याहून एक पायरी खालीं यावें, हाच शहाणपणा. यंत्र सुरूच होईनासें झालें, तर वीज तोडून मदरबोर्डावरील सीमॉस पुसण्याची सोय वापरावी; मूळचे आंकडे परत येतात.

आणि आपल्या उन्हाळ्याचा विसर पडूं देऊं नये. पौषांत खोली वीस अंशांवर असतांना केलेली परीक्षा वैशाखांत उपयोगी पडत नाहीं. खोली अठरा अंशांनीं तापली, कीं प्रोसेसरही साधारण तितकाच अधिक तापतो. बहुतेकांची मर्यादा ९५ ते १०० अंशांची असते, आणि तेथें पोंचतांच ते आपला वेग स्वतःच उतरवितात. अखंड कामाच्या वेळीं ८५ च्या आंत राहावें, म्हणजे उन्हाळ्यासाठीं कांहीं शिल्लक उरते.

येथवर जें सांगितलें तें बहुतेक हौशी मुलांस ठाऊक असतें. माझ्या चिरंजीवांसही ठाऊक होतें. त्यांनीं वेग वाढविला, उष्णता मोजली, खेळ खेळून पाहिले. यंत्र एकदांही बंद पडलें नाहीं. त्याच दिवाळींत माझ्या आजीनें वडिलांस लिहिलेलीं त्रेचाळीस पत्रें आम्हीं संगणकांत उतरवून घेतलीं. मूळ कागद कसरीनें खाल्लेले, घडी उलगडतांच तुटणारे. चित्रें उतरलीं, त्यांची एक लहानशी पुरचुंडी बांधली, सुटीं चित्रें पुसून टाकलीं. आणि कागदांचे तुकडे घरच्या मंडळींनीं भक्तिभावानें नदींत सोडले. पुढील पितृपक्षांत पुरचुंडी उघडली, तों त्रेचाळिसांपैकीं अकरा पत्रें उघडेनात.

चिरंजीव त्या रात्रीं झोंपले नाहींत. त्यांनीं प्राइम९५ नांवाचा कार्यक्रम लावला. प्रचंड मूळ संख्या शोधणाऱ्या, १९९६ सालीं सुरू झालेल्या उपक्रमाचा हा कार्यक्रम. तो अवघड गणितें करतो आणि उत्तरें आधींच ठाऊक असलेल्या उत्तरांशीं ताडून पाहतो. एकेचाळिसाव्या मिनिटास एक उत्तर चुकलें. यंत्र थांबलें नव्हतें, धूर निघाला नव्हता. फक्त एक बेरीज चुकली होती. वेग पूर्ववत् करून तीच परीक्षा रात्रभर चालविली, तेव्हां एकही चूक झाली नाहीं.

मला आज जें सांगावयाचें आहे तें एवढेंच. बंद पडणारें यंत्र प्रामाणिक असतें. तें आपली मर्यादा सांगतें. भय आहे तें चालत राहून चुकणाऱ्या यंत्राचें. म्हणून "चालतें आहे" ही परीक्षा नव्हे. उत्तरें ताडून पाहणारी कसोटी निदान एक अहोरात्र लावावी, आणि ती उन्हाळ्यांत पुनः लावावी.

अधिक दाबाची झीजही अशीच मुकी असते. २०२४ सालीं इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे कित्येक प्रोसेसर अस्थिर होऊं लागले. गरजेपेक्षां अधिक विद्युद्दाब हें त्याचें कारण कंपनीनें सांगितलें, सुधारित आज्ञावली दिली, आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. कारखान्याच्या हातूनही जेथें हें घडतें, तेथें आपण किती जपावें! आणि आपण होऊन वेग वाढविला, तर हमी गमावण्याचाही संभव असतो.

ज्यांस हौस आहे त्यांनीं ती अवश्य करावी. यंत्र समजून घेण्याचा तो उत्तम मार्ग आहे. पण घरचे हिशेब आणि पत्रें ज्या यंत्रांत आहेत, तें या प्रयोगास लावूं नये. तेथें उलट वाट धरावी: वेग तोच ठेवून विद्युद्दाब किंचित् कमी करून पाहावा. यंत्र थंड राहतें, पंखे शांत होतात. कसोटी मात्र येथेंही तीच, रात्रभराची.

आमच्या संगणकाच्या झांकणाला आंतून आतां एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर चिरंजीवांच्या अक्षरांत मूळचे आंकडे लिहिले आहेत, आणि त्यांखालीं एक संख्या: बत्तीस. इतकींच पत्रें आमच्यापाशीं उरलीं आहेत.