परदेशातला अपघात : मदत नव्हे, हक्क
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



८ ते १० जानेवारी २०२३ या तीन दिवसांत आपल्या इंदुरात प्रवासी भारतीय दिवसाचे सतरावे संमेलन भरले. शहर सजले, पाहुण्यांचे आगतस्वागत झाले. त्याच संमेलनात पंतप्रधानांच्या हस्ते 'सुरक्षित जाएँ, प्रशिक्षित जाएँ' या नावाचे टपाल तिकीट निघाले. सल्ला उत्तमच आहे. पण जो गेला आणि तिथे कामावर जायबंदी झाला, किंवा परतलाच नाही, त्याच्या घरच्यांनी कोणाचे दार ठोठवावे? आम्ही आज एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहोत.

२०१४ मध्ये इराकमधल्या मोसुल येथे ३९ भारतीय कामगारांचे अपहरण झाले. ते हयात नाहीत, हे सरकारने संसदेत सांगितले ते मार्च २०१८ मध्ये. पुढे प्रत्येक कुटुंबाला १० लाख रुपये सानुग्रह मदत जाहीर झाली. मदत मिळाली हे चांगलेच झाले. पण सानुग्रह म्हणजे कृपा म्हणून दिलेले. कृपेवर दावा लावता येत नाही, हक्कावर लावता येतो.

आपल्यापैकी अनेक घराणी होळकरांच्या चाकरीसाठी माळव्यात आली. त्या काळच्या मराठी दप्तरांत 'बालपरवेशी' हा शब्द भेटतो. लढाईत कामी आलेल्याच्या मुलाबाळांसाठी बांधून दिलेली ती नेमणूक. चाकरीत जीव गेला तर मागच्यांची सोय चाकरी घेणाऱ्याने करायची, ही समजूत आपल्याला नवी नाही. आजच्या कायद्यांतही ती आहे, फक्त तो कायदा कोणता हे आधी ओळखावे लागते.

पहिला प्रकार, मालक भारतीय कंपनी असेल तर. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात १९९५ मध्ये दुरुस्ती झाली. भारतात नोंदलेल्या कंपनीने परदेशी कामासाठी भरती केलेला कामगार त्यात आला आणि कुटुंब राहते तिथल्या आयुक्तापुढे दावा करण्याची सोय झाली. हा विषय आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गेला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून भारताबाहेरील अपघातांची तरतूद तिच्यातही आहे.

दुसरा प्रकार अमेरिकी लष्करी तळांवरील कंत्राटी कामाचा. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत तळांवरच्या भटारखान्यांत, धुलाईत, मालवाहतुकीत भारतीय आणि नेपाळी माणसे होती. त्यांना 'डिफेन्स बेस अ‍ॅक्ट' हा १९४१ चा अमेरिकी कायदा लागू होतो. कामगार कोणत्याही देशाचा असो, पोटकंत्राटदाराकडे असो, त्याचा विमा मालकाने उतरवलाच पाहिजे. पूर्ण अपंगत्व आल्यास सरासरी पगाराच्या दोन तृतीयांश भरपाई मिळते. अपघाताची लेखी खबर ३० दिवसांत आणि दावा साधारणपणे १ वर्षात करावा लागतो. वकिलाचे शुल्क तिथल्या अधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, तेव्हा टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थापासून सावध राहावे. या कायद्यात एक अन्यायही आहे. परदेशी कामगाराची कायम अपंगत्वाची किंवा मृत्यूची पुढची देणी एकरकमी अर्ध्यावर मिटवण्याची मुभा त्यात आहे.

तिसरा प्रकार, मालक आखाती असेल तर तिथला कायदा. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कायद्यानुसार कामावर मृत्यू झाल्यास २४ महिन्यांचा मूळ पगार मिळतो, किमान १८ हजार आणि कमाल २ लाख दिरहम. येथे 'मूळ' या शब्दाकडे लक्ष द्यावे. करारात मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त लिहिले असतील, तर दरमहा हाती तेवढेच पडते, पण भरपाई घटते. सही करण्यापूर्वी हा आकडा घरातल्या जाणत्याने पाहिलाच पाहिजे.

"हे सारे मजुरांसाठी, आपली मुले शिकलेली," असे काही जण म्हणतील. खरी अडचण तिथेच आहे. दहावी न झालेल्यांना आखातासह १८ देशांत कामाला जाताना सरकारी परवानगी लागते आणि प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची असते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, शिवाय कर, एवढ्या हप्त्यात १० लाखांचे अपघाती संरक्षण. दहावी झालेला फिटर, पर्यवेक्षक, इंजिनिअर मात्र या सक्तीबाहेर राहतो. त्यांची नोंदणी १ जानेवारी २०१९ पासून सक्तीची करण्याचे २०१८ मध्ये ठरले आणि त्याच वर्षी ते स्थगित झाले. म्हणजे शिक्षणामुळे आपली मुले जाळ्याबाहेर पडली.

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत. कंत्राटावर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी आणि विमा सक्तीचा व्हावा. कराराची प्रत जाणाऱ्याच्या भाषेत, घरच्यांच्या हाती निघण्याआधी पडावी. अपघातानंतर दूतावासाने रुग्णालयाचे व पोलिसांचे कागद मिळवून देण्याची मुदत ठरवावी. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे, तो कोणत्याही पक्षाचा असो, या मागण्या ठेवाव्यात.

सरकार करील तेव्हा करील. तोवर प्रत्येक घराने एक फाइल करावी. तीत करार, व्हिसा, विम्याचा कागद, पगारपत्रके, मालकाचा आणि त्याच्या वरच्या कंत्राटदाराचा पूर्ण पत्ता असावा. ज्यांना इंग्रजी कागद वाचणे जड जाते त्यांच्यासाठी मंडळातल्या निवृत्त वकील आणि बँक अधिकाऱ्यांनी आठवड्यातला एक तास द्यावा.

उशीर काय करतो हे इंदूरकरांना सांगायला नको. हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, मिल बंद पडल्यानंतर तीन दशकांनी. तोवर कित्येक कामगार हयात नव्हते. ती मिल तर आपल्याच गावात होती. परक्या मुलखातला दावा लढायचा, तर कागद आधीपासून घरात हवेत आणि तारीख चुकता कामा नये.