वाढत जाणारे घर
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेतील कारकून. वास्तुकलेवर बोलण्याचा आम्हाला अधिकार तो काय? पण घरकर्जाचे अर्ज आमच्याच टेबलावरून पुढे जातात, आणि जागेचा कागद नाही म्हणून कित्येक अर्ज आमच्याच हातांनी परतही केले आहेत. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. पण अर्जाची घडी करून पायऱ्या उतरणारा माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून आज एका वास्तुशिल्पकाराविषयी बोलावेसे वाटते.

बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकून ते पॅरिसला ल कॉर्बुझिए या थोर वास्तुशिल्पकाराच्या हाताखाली राहिले आणि पुढे अहमदाबादला स्थिरावले. समाजाच्या सर्वांत खालच्या थरातील माणसाला योग्य निवारा द्यायचा, असा संकल्प त्यांनी १९५४ मध्येच बोलून दाखवला होता. २०१८ मध्ये वास्तुकलेतील प्रिट्झ्कर पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. जानेवारी २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

हा संकल्प प्रत्यक्षात आलेला पाहायचा तर इंदूरच्या अरण्य वसाहतीकडे पाहावे. इंदूर विकास प्राधिकरणाची ही योजना १९८९ मध्ये आकाराला आली. सुमारे साडेसहा हजार घरांची. नकाशा काढण्यापूर्वी दोशींच्या संस्थेने इंदूरच्या झोपडपट्ट्यांचा अभ्यास केला. तेथील माणसे कशी राहतात? ओट्यावर बसून कामधंदा करतात, पुढच्या खोलीत दुकान थाटतात, झाडाखाली जमतात. हे सारे त्यांनी नव्या वसाहतीत जागा ठेवून आणले.

गरीब कुटुंबाला त्यांनी तयार घर दिले नाही. जमिनीचा तुकडा, त्यावर जोते, संडास-न्हाणी, पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय एवढे दिले. सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे पावणेचारशे चौरस फुटांचा. पुढचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. कसे वाढवता येईल हे दाखवण्यासाठी ८० नमुना घरे बांधली. मोठे भूखंड सधन लोकांना विकून त्यातील नफा गरिबांच्या भूखंडांसाठी वापरला. घरांच्या भिंती एकमेकींना लागून, त्यामुळे खर्चही वाचला आणि ऊनही कमी लागले. १९९५ मध्ये या वसाहतीला आगाखान पारितोषिक मिळाले.

बंधू-भगिनींनो, आमच्यापैकी बहुतेकांची घरे अशीच उभी राहिली ना? आधी पत्रा, मग विटेची भिंत, बोनस मिळाला की फरशी, मुलीच्या लग्नाआधी वरची खोली. आमच्या आईवडिलांनी जे अडाणीपणाचे समजून लपवले, ते एका जगप्रसिद्ध वास्तुशिल्पकाराने आपल्या कामाचा पाया मानले.

अरण्यमध्ये सारेच गोड झाले असे मात्र नाही. पुढे काही मूळ कुटुंबांनी भूखंड विकले. लहान घरांच्या जागी मोठी घरे उभी राहिली. घरात आजारपण आले, कर्ज झाले, की माणूस हातातील एकमेव वस्तू विकतो. हे बँकेत बसून आम्ही रोज पाहतो. उत्तम नकाशा माणसाला घरापर्यंत आणतो. त्या घरात तो टिकून राहावा, यासाठी त्याच्या पाठीशी शेजारी आणि संस्था उभी लागते.

म्हणून आमची दोन मागणी. आपल्या वस्तीच्या पुनर्वसनाचा नकाशा घेऊन कोणी आले, तर फक्त चौरस फूट विचारू नका. शिलाई मशीन कुठे राहील, म्हातारी माणसे कुठे बसतील, घर पुढे वाढेल का, हेही विचारा. आणि संस्थेने दर रविवारी दोन तास घराचे व जागेचे कागद तपासून देण्यासाठी टेबल मांडावे. बँकेतील आम्ही चौघे-पाच जण तेथे बसू. ज्या हातांनी अर्ज परत केले, त्याच हातांनी ते पूर्ण करून द्यावेत, एवढीच इच्छा आहे.

जयभीम!