नहरीच्या गावात दंतवैद्यांचे स्वागत

दंतवैद्यांच्या परिषदेसाठी छत्रपती संभाजीनगरात आलेल्या आपणा सर्वांशी मी स्वागत समितीतर्फे बोलतो आहे. पाहुणे हे शहर वेरूळ आणि बीबी-का-मकबऱ्यामुळे ओळखतात; आमचा खरा अभिमान मात्र जमिनीखाली आहे. १६१० साली इथे खडकी हे शहर वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून बगदादपर्यंत विकला गेला आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने डोंगराकडचे झरे भूमिगत नहरींतून, निव्वळ उताराच्या बळावर, शहराच्या हौदांपर्यंत आणले. पुढे याच परंपरेतून पाणचक्की उभी राहिली. तिथे उंच भिंतीवरून पाणी हौदात कोसळते. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ निघे. मलिक अंबरची लढाई पाठ्यपुस्तकात येते, त्याचे पाणी येत नाही, याची आम्हाला खंत आहे.

नहरीचा दातांशी संबंध काय, असे आपण म्हणाल. दात राखायचे तर पाण्यातूनच, ही कल्पना जगभर गाजली, म्हणून पाण्याचा विषय काढला. १९४५ साली अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्सने पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांची दातांची कीड घटली. मग आपल्याकडे का नको? कारण फ्लोराइडचे मुख्य काम पोटात नाही, दाताच्या पृष्ठभागावर चालते. जंतू साखरेचे आम्ल करतात. तोंडाचा सामू साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमलमधले कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटू लागते. लाळ ते परत आणून देते. त्या वेळी थोडे फ्लोराइड हजर असेल तर नव्याने बसणारा स्फटिक आम्लाला जास्त दाद देत नाही. दातावरचा खडूसारखा पांढरा डाग या टप्प्यावर थोपवता येतो. खड्डा पडल्यावर मात्र तो आपोआप बुजत नाही. म्हणून दिवसातून दोनदा दाताला लागणारी पेस्ट, आणि गरज असेल तिथे आपण लावता ते वार्निश, हाच सरळ मार्ग. फ्लोराइड पेस्ट सर्वत्र झाल्यापासून पाण्यातल्या फ्लोराइडचा अतिरिक्त लाभ पूर्वीपेक्षा कमी दिसतो, असे २०२४ च्या कॉक्रेन आढाव्यातही आले आहे. शिवाय यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवट भागात काही ठिकाणी भूजलातच लिटरला दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त फ्लोराइड असते. तिथे दात डागाळतात, हाडेही बिघडतात. अशा गावात पाण्यातून फ्लोराइड काढायचे असते, घालायचे नसते.

यावर कुणी म्हणेल, हाडे बिघडवणारा पदार्थ मग पेस्टमध्ये तरी कशाला? फरक मात्रेचा आणि जागेचा आहे. पेस्ट थुंकून टाकायची असते. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे, तीही मोठ्यांनी ब्रशवर घालून. फ्लोराइडच्या भीतीने पेस्ट सोडून पुन्हा मिश्रीकडे वळणे, म्हणजे तंबाखू तोंडात घेणे, हे तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. उरतो प्रश्न पैशांचा, आणि तो खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड टूथपेस्टला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. औषध म्हटले की ते गरिबाच्या घरीही पोहोचले पाहिजे. अंगणवाडी आणि रेशन दुकानातून स्वस्त पेस्ट मिळावी, असा ठराव या परिषदेने करावा, ही माझी आग्रहाची विनंती.

आता व्यवस्थेविषयी. नहरीच्या या शहरात आपल्या निवासस्थानी टँकरचे पाणी आहे आणि ते ठराविक वेळीच येईल, याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. खोल्या कमी पडल्याने काहींना मंगल कार्यालयात उतरावे लागले. गाद्या स्वच्छ आहेत, पंख्यांचा आवाज मात्र सोसावा लागेल. मोंढ्यातील आडत्यांनी धान्य दिले, गुलमंडीच्या कापड व्यापाऱ्यांनी मंडप उभारला, सराफांनी स्मरणिकेचा खर्च उचलला, महाविद्यालयीन मुले पहाटेपासून बसस्थानकावर उभी आहेत. नाव छापू नका, अशी अट घालून सर्वांत मोठी देणगी देणाऱ्या गृहस्थांचेही आभार. दुपारच्या सत्रानंतर पाणचक्कीकडे जाण्यासाठी दोन बस फाटकापाशी तयार असतील.