संगणकाला मोबाइलचें जाळें जोडतांना

लॅपटॉपमध्यें मोबाइलचें कार्ड बसवून इंटरनेट कसें सुरू करावें, या विषयावर एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांना विचित्र वाटेल. माझें शिक्षण जुन्या अकरावी मॅट्रिकपर्यंतचें. आयुष्य गेलें तें खडू आणि फळा यांच्या संगतींत. परंतु एखादी गोष्ट ज्याला सहज येते, त्याला ती दुसऱ्यास शिकवितां येतेच असें नाहीं. जो ती अडखळत शिकला, त्याला वाटेंतले खांचखळगे ठाऊक असतात. एवढ्या एकाच अधिकारावर मी आज आपल्यापुढें बोलणार आहें.

प्रथम माझी फजिती सांगतों. कांहीं वर्षांपूर्वींच्या श्रावणांत आम्ही पुण्याहून राजापूर तालुक्यांतील आमच्या जुन्या घरीं गेलों होतों. बरोबर माझी नात होती. ती बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली होती, आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीं महाविद्यालयांच्या पसंतीची यादी तिला इंटरनेटवरून भरून द्यावयाची होती. मुदत त्याच दिवशीं संध्याकाळीं पांच वाजतां संपत होती. गांवांतली तारेची जोडणी झाड पडून दोन दिवस बंद होती. आमच्या फोनांच्या कंपनीची त्या खोऱ्यांत पोंचच नव्हती; पोंच होती ती दुसऱ्या एका कंपनीची, आणि तिचें सिमकार्ड मीं आधींच आणून ठेवलें होतें. माझ्या लॅपटॉपमध्यें, जो मीं पुण्यांत जुना म्हणून विकत घेतला होता, मोबाइलचें कार्ड मुळांतच बसविलेलें होतें. तेव्हां काळजीचें कांहीं कारण नाहीं, असें मीं तिला मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें.

सिमकार्ड घातलें. पडद्याच्या कोपऱ्यांत पांचांपैकीं चार रेघा उमटल्या. कंपनीचें नांवही दिसूं लागलें. पण पान कांहीं उघडेना. मीं लॅपटॉप बंद केला, पुन्हां सुरू केला. सिमकार्ड काढलें, पुसलें, पुन्हां घातलें. पडवींत गेलों, अंगणांत गेलों. असें करतां करतां दुपारचे तीन वाजले. शेवटीं नात म्हणाली, "आजोबा, राहूं द्या. मी राजापूरला जातें." शेजाऱ्यांच्या रिक्षांतून ती भर पावसांत गेली. तेथें दुकानांत गर्दी. तिचा नंबर लागला तेव्हां मुदतीला वीस मिनिटें उरलीं होतीं. घरीं शांतपणें लिहून ठेवलेला कागद घाईंत येथेंच राहिला होता. तिनें आठवून यादी भरली, आणि पहिल्या दोन नांवांची अदलाबदल झाली. पहिल्या पसंतीची जागा मिळाली कीं ती पक्की समजली जाते, पुढच्या फेरींत बदल नाहीं, असा नियम. जेथें तिला जावयाचें नव्हतें, तेथें तिला जावें लागलें. ती मला त्याबद्दल एका शब्दानेंही बोलली नाहीं; आणि म्हणूनच ती गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं.

त्याच रात्रीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. मोबाइलच्या दुकानांत तो काम करतो. लॅपटॉप पाहून त्यानें एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, एपीएन कुठलं घातलंय?" मला तो शब्दच ठाऊक नव्हता. त्यानें एक रकाना उघडून दाखविला. आधींच्या मालकानें भरलेलें दुसऱ्याच कंपनीचें नांव त्यांत तसेंच होतें. त्यानें तें खोडून योग्य नांव लिहिलें, आणि दोन मिनिटांत इंटरनेट सुरू झालें. चार तासांत मला जें साधलें नाहीं, तें सात-आठ अक्षरांचें काम होतें.

आतां ही सर्व रचना कशी आहे, तें पाहूं. शक्य असल्यास कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

लॅपटॉपला मोबाइलचें जाळें जोडण्याचीं साधनें मुख्यतः दोन. एक, यूएसबीच्या खांचेंत बाहेरून बसवावयाची करांगळीएवढी कांडी. तिला आपण डोंगल म्हणतों. दुसरें, लॅपटॉपच्या पोटांत बसणारें कार्ड. हें साधारण तीस मिलिमीटर रुंद आणि बेचाळीस मिलिमीटर लांब असतें, आणि त्यावर दोन बारीक तारा टोंचलेल्या असतात. त्या तारा पडद्याच्या चौकटींत बसविलेल्या अँटेनापर्यंत जातात. पुष्कळ लॅपटॉपांत कार्डाची खांच असते, पण तारा घातलेल्याच नसतात. अशा यंत्रांत कार्ड बसवून उपयोग होत नाहीं. शिवाय कांहीं कारखानदार आपल्या यादीबाहेरचें कार्ड यंत्रास स्वीकारूंच देत नाहींत. म्हणून आंतलें कार्ड विकत घेण्यापूर्वीं आपल्या लॅपटॉपच्या नमुन्याचें नांव सांगून दोन प्रश्न अवश्य विचारावे: तारा आहेत काय, आणि हें कार्ड चालेल काय? तें बसवावयाचें काम मात्र जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावें.

तिसरा प्रश्न पिढीचा आणि लहरींचा. घराच्या कपाटांत पंधरा वर्षांपूर्वींचें डोंगल पडलेलें असतें, आणि तेंच वापरूं असें काटकसरी माणसास वाटतें. परंतु तीं साधनें बहुधा तिसऱ्या पिढीचीं, म्हणजे ३जीचीं असतात. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं सुरू झालेलें जिओचें जाळें आरंभापासूनच ४जीचें आहे. ३जी डोंगलास त्यांत प्रवेशच नाहीं. ४जीमध्येंही निरनिराळ्या लहरी आहेत. आपल्याकडे ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांचा वापर मोठा आहे. परदेशांतून कोणी भेट म्हणून कार्ड आणलें, तर हे पट्टे त्याच्या माहितीपत्रकांत आहेत कीं नाहींत, तें आधीं पहावें.

आतां सिमकार्ड. याचीं मापें तीन: जुनें पंचवीस मिलिमीटर लांब व पंधरा रुंद, मधलें पंधरा लांब व बारा रुंद, आणि सर्वांत लहान, नॅनो, सुमारें बारा लांब व नऊ रुंद. कोपरा कापलेला असतो, तो खांचेवरील चित्राप्रमाणें जुळवावा. जोर करूं नये. बाहेरून मिळालेलें सिमकार्ड यंत्र बंद असतांना घालणें बरें. यंत्रानें पिन मागितली आणि ती आपणांस आठवत नसली, तर अंदाजानें आंकडे घालूं नयेत. तीन वेळां चूक झाली कीं सिमकार्ड कुलूपबंद होतें, आणि मग पीयूके नांवाचा आठ अंकी आंकडा लागतो. तोही दहा वेळां चुकला, तर तें सिमकार्ड कायमचें निकामी होतें. सिमकार्ड ज्या मोठ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांतून आपण सोडवितों, त्यावर किंवा सोबतच्या कागदावर हा आंकडा पुष्कळदां छापलेला असतो. तो तुकडा केरांत न टाकतां रेशनकार्डाबरोबर ठेवावा.

यानंतर तो एपीएन, ज्यानें माझा घात केला. मनोऱ्याशीं ओळख होणें ही एक गोष्ट, आणि मनोऱ्याच्या पलीकडील इंटरनेटच्या रस्त्यावर पाऊल पडणें ही दुसरी. कोपऱ्यांतल्या रेघा पहिल्या गोष्टीचें प्रमाणपत्र देतात, दुसऱ्या गोष्टीचें नव्हे. एखाद्या मोठ्या वाड्याच्या चौकांत आपण शिरलों, रखवालदारानें ओळखलेंही, पण कोणत्या दारानें आंत जावयाचें तें सांगतां आलें नाहीं, तर चौकांतच तिष्ठत उभें रहावें लागतें. एपीएन म्हणजे त्या दाराचें नांव. प्रत्येक कंपनीचें दार निराळें. जिओचें जे, आय, ओ, एन, ई, टी, म्हणजे जिओनेट, एअरटेलचें एअरटेलजीपीआरएस, मग टिंब, मग कॉम, बीएसएनएलचें बीएसएनएलनेट. अक्षरें सर्व लहान, मध्यें मोकळी जागा नाहीं. वापरणाराचें नांव आणि सांकेतिक शब्द हे रकाने सामान्यतः रिकामेच ठेवावयाचे असतात.

विंडोज ११ असलेल्या यंत्रांत हा रकाना शोधण्याची वाट अशी: सेटिंग्ज उघडावें, त्यांत नेटवर्क अँड इंटरनेट, त्यांत सेल्युलर, त्यांत मोबाइल ऑपरेटर सेटिंग्ज, तेथें इंटरनेट एपीएन. पुष्कळदां यंत्र सिमकार्डावरून कंपनी ओळखून हें नांव आपोआप भरतें, आणि म्हणूनच बहुतेकांना तें नांव ऐकण्याचा प्रसंगच येत नाहीं. अडचण येते ती जुन्या यंत्रांत, बदललेल्या सिमकार्डांत, किंवा नव्या कंपनीशीं जुनें साधन जोडतांना. सेल्युलर हा शब्दच यादींत दिसत नसेल, तर यंत्राला कार्ड दिसलेलेंच नाहीं असें समजावें, आणि एरोप्लेन मोडचें बटन चालू राहिलें नाहीं ना, तेंही पहावें. मात्र जीं डोंगलें स्वतःच लहान राउटरप्रमाणें वागतात, त्यांचें एपीएन विंडोजमध्यें नसून त्यांच्या स्वतःच्या पानावर असतें. त्या पानाचा पत्ता डोंगलाच्या खोक्यावर छापलेला असतो.

रेघांविषयीं आणखी एक गोष्ट, आणि ही सांगतांना माझ्यांतील गणिताचा मास्तर जागा होतो. संकेताचा जोर डीबीएम या मापानें, उणे चिन्हासह, दाखवितात. उणे पंचाऐंशी हा आंकडा उणे एकशें पांच यापेक्षां मोठा, म्हणजे चांगला. मुलें येथें हटकून चुकतात आणि मोठेही चुकतात. हा वीसांचा फरक दिसावयास थोडा, पण त्याचा अर्थ शक्ति शंभर पट! आमच्या कोंकणांतील घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या, दीड-दीड हात जाड. माजघरांत संकेत जवळजवळ मरतो, पडवींत जगतो. शहरांतील सिमेंटच्या इमारतींतही आंतल्या खोलीची तीच गत. डोंगल असेल, तर एक मीटरच्या यूएसबी वायरनें तें खिडकीशीं नेऊन ठेवावें. फरक तत्काळ दिसतो.

मग खर्चाचा प्रश्न. रोजच्या दीड जीबीच्या मर्यादेच्या योजना आतां सर्वत्र आहेत. मर्यादा संपली कीं वेग पुष्कळ योजनांत ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला आठ किलोबाइट. एक मेगाबाइटच्या छायाचित्रास दोन मिनिटांहून अधिक. आणि ही मर्यादा आपण स्वतः संपवितों असें नाहीं; यंत्र आपल्या सुधारणा गुपचूप उतरवून घेत असतें. आंतल्या कार्डाची जोडणी विंडोज स्वतःच मोजणीची, म्हणजे मीटर्ड, समजतें आणि हात आंखडता घेतें. पण राउटरप्रमाणें वागणाऱ्या डोंगलाची जोडणी त्याला घरच्या तारेसारखीच वाटते. तेथें मीटर्ड कनेक्शनचें बटन आपल्या हातानें चालू करावें लागतें.

कोणी विचारील, फोनचें हॉटस्पॉट असतांना हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. तासाभराच्या कामाला हॉटस्पॉट पुरेसें आहे. पण फोन तापतो, त्याची बॅटरी उतरते, आणि फोनचा मालक उठून बाहेर गेला कीं इंटरनेटही त्याच्याबरोबर जातें. ज्याला दिवसभर लिहावयाचें, शिकवावयाचें किंवा प्रवासांत काम करावयाचें आहे, त्याच्या लॅपटॉपला स्वतःचें सिमकार्ड असणें सोयीचें.

शेवटीं, अडचण आल्यास शोध घेण्याचा क्रम सांगतों. पहिलें, तेंच सिमकार्ड फोनांत घालून पहावें. तेथें चाललें, तर सिमकार्ड आणि भरलेले पैसे निर्दोष, दोष यंत्राकडे. दुसरें, यंत्राला कार्ड दिसतें काय? तिसरें, संकेत आहे काय? चौथें, एपीएन बरोबर आहे काय? त्या दिवशीं मीं पहिलीच पायरी घेतली असती, तर नातीचा अर्ज फोनवरूनच घरबसल्या भरून झाला असता. पण मी घाबरलों होतों, आणि घाबरलेला मनुष्य एकच गोष्ट पुन्हां पुन्हां करीत राहतो.

छत्तीस वर्षें मीं मुलांना सांगत आलों, कीं जो शब्द समजत नाहीं त्याच्याखालीं रेघ ओढा आणि विचारा. माझ्या पडद्यावर एपीएन हीं तीन अक्षरें किती दिवस होतीं. मीं त्यांच्याखालीं रेघ ओढली नाहीं. वय झालें, आतां आपणांस हें काय कळणार, असें म्हणण्यांत थोडा आळस असतो आणि थोडा अभिमानही. घरांतील वडील मंडळींनीं हा आळस सोडावा, आणि तरुणांनीं त्यांच्या प्रश्नाला हंसूं नये, इतकीच माझी दोघांनाही विनंती आहे. आणि आणखी एक: कोणताही अर्ज शेवटच्या दिवशीं भरूं नये. नवीन सिमकार्ड आणलें असेल, तर तें काम नसलेल्या एखाद्या शांत दिवशीं लॅपटॉपमध्यें घालून, पान उघडतें कीं नाहीं तें पाहून ठेवावें. गाडी चुकल्यावर वेळापत्रक शिकण्यांत कांहीं अर्थ नसतो; पण पुढच्या गाडीसाठीं तें शिकलें पाहिजे, म्हणून एवढें बोललों.