जंतूंचा माग
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आमच्या विभागाच्या दारावर किरणोत्साराचं चिन्ह असतं. ते पाहून माणसं बिचकतात आणि हळूच विचारतात, "डॉक्टर, कॅन्सर तर नाही ना?" दर वेळी कॅन्सर नसतो. पुष्कळदा आम्हाला शोधायचा असतो तो लपलेला पू.

गुडघा बदललेल्या एक आजी आल्या होत्या. दोन वर्षं बरी गेली, मग गुडघा पुन्हा दुखू लागला. कृत्रिम सांधा नुसता सैल झाला असेल, तर एका शस्त्रक्रियेत बदलता येतो. पण जंतू शिरले असतील, तर बहुधा सांधा काढायचा, कित्येक आठवडे प्रतिजैविकं द्यायची आणि मग दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया. सत्तरीच्या बाईला हा फरक केवढा! एक्स-रेवर मात्र दोन्ही सारखंच दिसू शकतं.

अशा वेळी आम्ही शरीराच्याच शिपायांना कामाला लावतो. रुग्णाचं साधारण पन्नास मिलिलिटर रक्त काढायचं, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य चिकटवायचं आणि त्या त्याच रुग्णाला परत टोचायच्या. जंतू असतील तिकडे या पेशी धावतात आणि गॅमा कॅमेऱ्याला त्यांचा ठावठिकाणा दिसतो. ही कल्पना रुजली ती लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात. १९७०च्या दशकात मॅथ्यू ठाकूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे इंडियम वापरून पेशींवर अशी खूण केली होती.

एका चित्रावर आम्ही कधीच निकाल देत नाही. तीन-चार तासांनी एक आणि दुसऱ्या दिवशी एक, अशी चित्रं घेतो. डाग वाढत गेला तर जंतूंचा संशय बळावतो, फिका होत गेला तर कमी होतो. आजींचा डाग फिका झाला. सांध्यातलं पाणी तपासलं, त्यातही जंतू सापडले नाहीत. त्यांचं काम एका शस्त्रक्रियेत भागलं.

किरणांची भीती वाटते, ते साहजिक आहे. पण टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. चोवीस तासांनी उरतं सोळाव्या हिश्शाहून कमी, कारण काही लघवीवाटेही निघून जातं.

तरीही एक उणीव राहतेच. आम्हाला दिसतात ते शिपाई, चोर नव्हे. पेट स्कॅनमध्ये वापरतात ती किरणोत्सारी साखरही कोणतीही भुकेली पेशी खाते. त्यामुळे क्षयाची गाठ आणि कॅन्सरची गाठ सारखीच उजळते. आपल्या देशात ही डोकेदुखी रोजची आहे.

मग थेट जंतूलाच का पकडू नये? १९९०च्या दशकात सिप्रोफ्लॉक्सॅसिन या औषधाला टेक्नेशियम जोडून पाहिलं. गाजावाजा खूप झाला, पण पुढे ते जंतू नसलेल्या सांध्यातही रेंगाळताना आढळलं. त्याहून मला पटते ती अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सची युक्ती. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये सॉर्बिटॉल असतं, ते ई. कोलाय आणि क्लेब्सिएला यांसारखे जंतू खातात. आपल्या पेशी त्याला फारशी दाद देत नाहीत. पेटच्या साखरेपासूनच किरणोत्सारी सॉर्बिटॉल बनवता येतं. २०१४ मध्ये प्राण्यांवरचे आणि २०२१ मध्ये २६ रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि ते आशादायक होते. पण सांध्यात बहुतेकदा शिरतो तो स्टॅफिलोकोकस या सॉर्बिटॉलला भुलत नाही. क्षयाचा जंतूही नाही.

जाता जाता एक सांगतो. अशा तपासणीला याल तेव्हा जुने कागद घेऊन या. शस्त्रक्रिया कधी झाली, प्रतिजैविकं चालू आहेत का, हे सांगा. औषधांनी जंतू दबले असतील तर चित्र फसवं येऊ शकतं. मात्र औषध आपल्या मनानं बंद करू नका, आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. बाळ अंगावर पीत असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर इंजेक्शनच्या आधीच सांगा.