उभ्याने येणारी घेरी



आम्ही डॉक्टर नाही. आमचे शिक्षण कारखान्याच्या दारात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा वैद्यकावर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका माणसाच्या हकीकतीत आहे.

आमच्या संघटनेचा एक सभासद कारखान्यात क्रेन चालवीत असे. वर्षभरात तो तीनदा पडला. एकदा गेटावर हजेरीच्या रांगेत, एकदा लग्नाच्या मांडवात उभा असताना आणि तिसऱ्यांदा क्रेनच्या शिडीपाशी. पडल्यावर त्याचे हातपाय झटकले गेले. चौघांनी धरून त्याला उभा केला, कोणी कांदा आणला, कोणी चप्पल नाकाशी धरली. कारखान्याच्या दवाखान्यात झटक्यांची गोष्ट ऐकून घेतली गेली आणि कागदावर 'अपस्मार' हा शब्द पडला. फेफऱ्याच्या गोळ्या सुरू झाल्या, क्रेन गेली, पाठोपाठ नोकरीवरून कमी करण्याची नोटीस आली, आणि मुलीची ठरत आलेली सोयरीकही लांबणीवर पडली.

नोटिशीला उत्तर द्यायचे म्हणून आम्ही त्याला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलो. टिल्ट टेबल नावाची चाचणी असते एवढे वाचून ठेवले होते, आणि ती आजच्या आज करा असा हट्ट धरला. तेथील डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुम्हांला कागद हवा आहे, मला आधी गोष्ट हवी आहे." मग अर्धा तास त्यांनी त्या माणसालाच बोलते केले. पडण्यापूर्वी उभा होतास की निजला होतास? घाम फुटला? डोळ्यांपुढे अंधारी आली? जीभ चावली गेली? शुद्धीवर यायला किती वेळ लागला? घरात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे काय? नंतर निजवून व उभे करून रक्तदाब घेतला, हृदयाचा आलेख काढला. धावताना किंवा निजलेला असताना कोणी बेशुद्ध पडला, अथवा हृदयाचा विकार असला, तर तो रस्ताच वेगळा, आणि तेथे घाई करावी लागते. हे सारे होईपर्यंत आम्ही गप्प बसून होतो. वाटाघाटीला बसताना आम्हीही एवढी विचारपूस करीत नाही, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

आता ही घेरी येते कशी ते पाहू. आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात व पायांत उतरते. निरोगी शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळते, नाडी थोडी वाढविते, आणि मेंदूला काही कळतही नाही. काहींच्या बाबतीत मात्र बराच वेळ उभे राहिल्यावर ही यंत्रणा एकाएकी उलटी फिरते. वाहिन्या सैल पडतात, हृदयाची गती मंदावते, दाब कोसळतो. मेंदूचा रक्तपुरवठा सहा-आठ सेकंद थांबला की शुद्ध जाते. मेंदू उपाशी राहिल्याने हातपाय झटकूही शकतात; ते फेफरे नव्हे. या मूर्च्छेला 'व्हॅसोव्हेगल' हे नाव ब्रिटिश वैद्य सर थॉमस लुईस यांनी 1932 साली दिले. पण ती डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे घडवून आणण्याची युक्ती पुढे यायला आणखी अर्धशतक गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातील रोझ अॅन केनी, रिचर्ड सटन आणि त्यांचे सहकारी यांनी 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये ती मांडली. कारण न सापडलेल्या मूर्च्छेच्या 15 रुग्णांना त्यांनी 40 अंशांत कललेल्या टेबलावर तासभर ठेवले. 10 जणांना घेरी आली. तुलनेसाठी घेतलेल्या 10 निरोगी माणसांपैकी एकालाही आली. हा एक माणूस लक्षात ठेवावा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

आमच्या माणसाला उपाशीपोटी बोलावले. पाय टेकायला फळी, अंगाला पट्टे, बोटाला व दंडाला दाब मोजणारी साधने. आधी काही वेळ आडवे निजविले, मग टेबल 70 अंशांवर उचलले. वीस मिनिटे काहीच झाले नाही. आमचा धीर सुटत चालला. मग जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा फवारा मारला. सुरुंगाच्या दारूत असते तेच द्रव्य, येथे केवळ कणभर. पाच-सहा मिनिटांत त्याचा चेहरा पांढरा पडला, आणि तो म्हणाला, "साहेब, हीच ती. गेटावरचीच." नाडी खाली, दाब खाली, मान कलली, हात दोनदा झटकला. टेबल आडवे करताच तो डोळे उघडून आमच्याकडे पाहू लागला.

"हीच ती" या शब्दांना डॉक्टरांनी यंत्राच्या आकड्यांइतकेच वजन दिले. कारण कललेले टेबल निरोगी माणसालाही पाडू शकते. लंडनचा तो एक माणूस त्याचा साक्षीदार. उलट, टेबलावर घेरी आली नाही म्हणून ती कधी येणारच नाही, असेही नाही. औषध लागू पडले की नाही हेही या चाचणीने ठरवीत नाहीत. पण शब्द चुकीचा पडला असेल तर तो पुसायला ती उपयोगी पडते. मँचेस्टरच्या डॉक्टरांनी 2000 साली अपस्माराचे म्हणून चाललेले 74 रुग्ण पुन्हा तपासले. त्यांपैकी 31 जणांच्या झटक्यांचे कारण दुसरेच निघाले.

गोळ्या मेंदूविकारतज्ज्ञांनी हळूहळू बंद केल्या. मनाने बंद करायच्या नसतात. भरपूर पाणी पिणे, अंधारी येऊ लागताच पाय एकमेकांवर टाकून मांड्या व मुठी आवळणे, नाहीच जमले तर लाज न धरता जमिनीवर आडवे होणे, एवढे त्याला शिकविले. आणि भोवतालच्यांनी पडलेल्याला उभा करू नये. निजवून पाय वर धरावेत. कांदा आमटीतच ठेवावा.

क्रेन आम्ही परत मागितली नाही. कधीही घेरी येऊ शकणाऱ्या माणसाने डोक्यांवरून माल फिरवू नये, हे व्यवस्थापनाचे म्हणणे बरोबरच होते, आणि तसे आम्ही सभेत सांगितले तेव्हा आमच्याच काही तरुण कार्यकर्त्यांना ते रुचले नाही. आम्ही भांडलो ते नोटीस मागे घेण्यासाठी, नोंदीतील शब्द बदलण्यासाठी आणि जमिनीवरचे काम जुन्याच पगारावर मिळावे म्हणून. नोटीस गेली, शब्दही बदलला. तो आता भांडारात आहे. पगारातील फरकाची बोलणी चालू आहेत.